रंगीत रोल कसा निवडावा: आधी उजेड, मग लॅब, मग रंग

फिल्म कॅमेऱ्यासाठी रंगीत रोल घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा इंटरनेटवरचे नमुना फोटो बघून निघतो. पोर्ट्रा नावाच्या फिल्मचे मऊ चेहरे, एक्टारचं गडद निळं आभाळ, सिनेस्टिलच्या दिव्यांभोवतीची लाल वलयं. या फोटोंत फिल्मचा वाटा किती आणि स्कॅन करणाऱ्याचा किती, हे मात्र कळायला मार्ग नसतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये स्कॅन करून घ्या, एकीकडून पिवळसर येईल आणि दुसरीकडून हिरवट. निगेटिव्हचा रंग बराचसा स्कॅनरवर ठरतो. म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवावा: फोटो कुठल्या उजेडात काढायचे हे आधी, रोल कुठे धुऊन मिळेल हे त्यानंतर, आणि रंगाची आवड सगळ्यांत शेवटी. आवडीपासून सुरुवात केली की पावसाळी संध्याकाळी हातात १०० आयएसओचा रोल येतो (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाची संवेदनशीलता, आकडा लहान तितका उजेड जास्त लागतो) आणि अख्खे छत्तीस फ्रेम हललेले निघतात.

खोक्यावर पहिल्यांदा काय वाचायचं

खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत प्रक्रियेचं नाव छापलेलं असतं. ब्रँडच्या आधी ते वाचा.

सी-४१ म्हणजे नेहमीची रंगीत निगेटिव्ह. कोडॅकने १९७२ मध्ये ही प्रक्रिया आणली आणि पुढे सगळ्यांनी तीच स्वीकारली. डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सियसला, वेळ सव्वातीन मिनिटं, आणि रोल १०० चा असो की ८०० चा, वेळ तीच. त्यामुळे कोडॅक, फुजी, हार्मन अशा सगळ्या कंपन्यांचे रोल एकाच मशीनमधून जातात. गावातल्या लॅबने 'रंगीत रोल धुतो' म्हटलं की त्याचा अर्थ सी-४१.

ई-६ म्हणजे स्लाइड. धुतल्यावर फिल्मवर सरळ रंगीत चित्र दिसतं, उजेडासमोर धरून डोळ्यांनी बघता येतं. स्कॅनरवाल्याच्या मर्जीवर रंग सोडायचा नसेल तर स्लाइडला पर्याय नाही, कारण समोर खरं चित्र असतं, त्याच्याशी स्कॅन ताडून बघता येतो. पण ई-६ करणाऱ्या लॅब आपल्याकडे मोजक्या आहेत. रोल कुरियरने पाठवावा लागतो आणि लॅब बॅच भरेपर्यंत थांबते. स्लाइडचा रोल विकत घेण्याआधी लॅबला फोन करून विचारा: ई-६ स्वतः करता की पुढे पाठवता, आणि पुढची बॅच कधी?

ईसीएन-२ ही सिनेमाच्या फिल्मची प्रक्रिया, आणि नवख्यांची फसगत इथेच सर्वांत जास्त होते. सिनेफिल्मच्या लांब रिळातून तुकडे कापून, हाताने डबीत भरून स्वस्तात विकतात. अशा फिल्मच्या पाठीवर बहुतेक वेळा रेमजेट नावाचा काजळीसारखा काळा थर असतो. सी-४१ च्या मशीनमध्ये तो सुटतो, टाकीत पसरतो आणि दुसऱ्यांच्या रोलवर जाऊन चिकटतो. म्हणून बऱ्याच लॅब हाताने भरलेला रोल दारातूनच परत करतात, आणि त्यांचं बरोबर आहे. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: मूळ फिल्म कुठली, आणि रेमजेट काढलेलं आहे का? उत्तर मोघम आलं तर तो रोल घेऊ नका.

सिनेस्टिल ८००टी ही कोडॅकची ५००टी सिनेफिल्म, रेमजेट आधीच काढून विकलेली, त्यामुळे ती सी-४१ मध्ये चालते. रेमजेटचं एक काम फिल्मच्या पाठीवरून उलटून येणारा उजेड शोषून घेण्याचं. तो थर गेला की तीव्र दिव्याचा उजेड पाठीवरून परत येऊन लाल संवेदी थराला लागतो आणि दिव्याभोवती लाल वलय पडतं.

आकाराचंही आताच बघून घ्या. घरात आजोबांचा बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक ३ असेल तर त्याला १२० या आकाराचा रोल लागतो (हा आकडा आयएसओचा नव्हे), चौकोनी १२ फ्रेम मिळतात. कलरप्लस, अल्ट्रामॅक्स, प्रोइमेज बहुधा ३५ मिमीतच येतात. १२० मध्ये गोल्ड २००, एक्टार, पोर्ट्रा आणि स्लाइड बघावी. क्लिकला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं मोठं) जवळपास ठरलेलंच असल्यामुळे उन्हात १०० किंवा २०० च्या पुढे जाऊ नका.

उजेडाचं गणित

भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. २०० च्या रोलला म्हणजे एफ/१६ आणि १/२५० सेकंद (१/२०० च्या सर्वांत जवळचं). पातळ ढग आले की एफ/११, पूर्ण ढगाळ झालं की एफ/८, काळे ढग दाटले की एफ/५.६, मोकळ्या सावलीत एफ/४ च्या आसपास. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत, घराबाहेर, १०० किंवा २०० चा रोल पुरून उरतो.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागेत पावसाळी दुपारी ४०० च्या रोलवर एफ/४ ला साधारण १/१२५ मिळतं. तिथेच १०० चा रोल असेल तर १/३० वर यावं लागतं, आणि वाऱ्याने हलणारी झावळी १/३० ला स्थिर येत नाही. सह्याद्रीत धुकं उतरलं की याहूनही कमी. म्हणून पावसाळ्याचा रोल ४०० चा. अपवाद एकच: ट्रायपॉडवरून धबधबे टिपणाऱ्याला मंद रोलच हवा, कारण पाण्याचा पदर दिसायला १/२ सेकंद ते १ सेकंद इतकं शटर लागतं आणि ४०० वर तेवढं मंद जाताच येत नाही.

घरात ट्यूबलाइटच्या उजेडात ४०० वर एफ/२ ला सुमारे १/६० मिळतं. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स असेल तर निभावतं. एफ/३.५ पासून सुरू होणाऱ्या झूमवर तोच उजेड १/२० होतो आणि हात हलतो. दिवाळीत पणत्यांच्या ओळीने उजळलेला चेहरा ८०० वर एफ/२ ला १/३० मागतो. तेव्हा 'घरात काढायचेत' एवढं ठरवून भागत नाही, आपल्या लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर किती, हे आधी बघा.

गणित दुसऱ्या बाजूनेही अडतं. जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर १/५०० ला संपतं. ४०० चा रोल घालून दुपारी समुद्रावर गेलात तर एफ/१६ आणि १/५०० एवढीच जागा उरते, मागचं धूसर करायला अ‍ॅपर्चर उघडता येत नाही. ८०० चा रोल तर त्या कॅमेऱ्यात उन्हात एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्तच उजळणार. एकच रोल घेऊन कुठेही जायचं असेल तर आमचं मत ४०० ला. उन्हात किनार्‍यावर जायचं नक्की असेल तर १०० किंवा २०० घ्यावा.

तुमचा कॅमेरा रोल कसा ओळखतो तेही तपासा. ऑटो कॉम्पॅक्ट कॅमेरे डबीवरचा काळ्या-चंदेरी चौकटींचा डीएक्स कोड वाचतात. पण स्वस्त मॉडेलना फक्त १०० आणि ४०० कळतात. २०० चा रोल ते १०० समजतात, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड देतात. निगेटिव्हला ते उलट मानवतं. स्लाइडचा रोल मात्र अशा कॅमेऱ्यात घालूच नका. हाताने भरलेल्या डबीवर कोड नसला तर बहुतेक कॅमेरे १०० धरतात, आणि ८०० चा रोल १०० समजून वापरला की तीन स्टॉप जास्त.

कुठला रोल कशासाठी

कोडॅक गोल्ड २०० चा कल पिवळसर उबेकडे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, मातीच्या भिंती, विटा, कौलं, सुकलेलं गवत यांना तो खुलवतो. कलरप्लस २०० जुन्या घडणीचा, थोडा जास्त ग्रेनचा (ग्रेन म्हणजे फोटोत दिसणारे दाणे), रंग जरा कमी चढलेले. शिकणाऱ्याने कलरप्लस किंवा गोल्ड यांपैकी जो हाताशी लागेल तो घ्यावा, दोन्हींत हातून झालेली चूक झाकली जाते. अल्ट्रामॅक्स ४०० चे रंग आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही ठसठशीत, ग्रेन दिसतो, पण पावसाळ्यात सपाट, राखाडी उजेड असताना हाच कॉन्ट्रास्ट फोटोला उठाव देतो.

प्रोइमेज १०० कडे आपल्याकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही. गरम, दमट प्रदेशांत फ्रिजबाहेर ठेवता यावा अशा बेताने कोडॅकने तो केला, आणि बरीच वर्षं तो आशिया आणि लॅटिन अमेरिकेच्या बाजारांपुरताच विकला जायचा. रंग भरलेले, त्वचा समजूतदार. मे महिन्यातल्या लग्नाला, जिथे रोल दिवसभर बॅगेत तापणार, हा रोल योग्य.

पोर्ट्राचे तीन भाऊ: १६०, ४०० आणि ८००. कॉन्ट्रास्ट कमी, उजळ भागातला तपशील सहज जात नाही, आणि ४०० ला तर दोन-तीन स्टॉप जास्त उजेडही पचतो. नवरीचा शालू आणि भटजींचं पांढरं उपरणं एकाच फ्रेममध्ये सांभाळायचं असेल तर हाच. पण ढगाळ दिवशी दरीचं दृश्य पोर्ट्रावर फिकं वाटतं. तिथे एक्टार १०० घ्या: अतिशय बारीक ग्रेन, गडद रंग. एक्टारची खोड अशी की उजेड कमी पडला तर सावल्या निळसर होतात आणि चेहऱ्यावर लाली चढते. माणसांसाठी तो वापरायचाच असेल तर एक्सपोजर, म्हणजे फिल्मला दिलेला उजेड, कधीही कमी ठेवू नका.

फुजीच्या २०० आणि ४०० च्या हल्लीच्या खोक्यांवर अमेरिकेत बनल्याची नोंद असते. जुन्या फुजीचा तो थंड, गर्द हिरवा त्यांच्यात शोधायला जाऊ नका. प्रो ४००एच तर २०२१ मध्येच बंद झाला. हार्मनचा फिनिक्स २०० डिसेंबर २०२३ मध्ये आला. कॉन्ट्रास्ट कडक, दिव्यांभोवती वलय, एक्सपोजरची चूक तो माफ करत नाही. प्रयोगाला घ्या, बारशाला नको.

स्लाइडमध्ये एक्टाक्रोम ई१०० तटस्थ आणि स्वच्छ, प्रोव्हिया १००एफ त्याच्याच जवळचा, वेल्व्हिया गडद. वेल्व्हिया ५० वर श्रावणातली भातखाचरं डोळ्यांना दिसतात त्याहून हिरवी येतात, आणि माणसांचे चेहरे लालभडक. लांब एक्सपोजर करणार असाल तर प्रोव्हियाला १२८ सेकंदांपर्यंत वेळेची दुरुस्ती, म्हणजे मीटरने सांगितल्याहून जास्त वेळ देणं, लागत नाही, वेल्व्हिया ५० ला काही सेकंदांपासूनच लागते.

फुलं टिपणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. काही निळी फुलं फिल्मवर निळी येतच नाहीत, गुलाबट येतात. निळी मॉर्निंग ग्लोरी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. अशा पाकळ्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा टोकाचा लाल उजेडही परत फेकतात. डोळा तो सोडून देतो, पण फिल्मचा लाल थर टिपतो. हा लॅबचा दोष नाही. कासच्या पठारावर निळ्या-जांभळ्या फुलांसाठी जाणार असाल तर त्याच फुलाचा एक मोबाइल फोटो शेजारी ठेवा, स्कॅन दुरुस्त करताना तो उपयोगी पडेल.

त्वचा, गुलाल, भंडारा

रंगीत फिल्मच्या आणि प्रिंटच्या जगात अनेक दशकं त्वचेचा रंग जुळवायला शर्ली कार्ड वापरत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि प्रिंटरचं सेटिंग तिच्या चेहऱ्यावरून ठरे. सावळे, काळे चेहरे त्या मापात बसत नसत आणि मातकट निघत. आजच्या फिल्म त्या बाबतीत पुष्कळ सुधारल्या आहेत, पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अजून फसतो. पांढरं धोतर-सदरा नेसलेला वारकरी आणि त्याचा उन्हाने रापलेला चेहरा: मीटर पांढऱ्या कपड्यावर जातो, एक्सपोजर कमी करतो आणि चेहरा चिखलासारखा येतो.

उपाय सोपा आहे. आपला तळहात त्याच उजेडात उघडा धरा, फ्रेमभर तळहात घेऊन मीटर वाचा आणि एक स्टॉप वाढवा. तळहात जवळपास सगळ्यांचाच मीटर गृहीत धरतो त्या मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, चेहऱ्याचा वर्ण कुठलाही असो. मीटर एफ/८ ला १/२५० म्हणाला तर १/१२५ वर काढा.

जेजुरीला भंडारा उधळतात तेव्हा हवाच पिवळी होते, आणि तिच्यातून गाळून येणारा उजेडही. गोल्डची मुळातली पिवळसर ऊब त्यात मिसळली की सगळा फोटो एकाच हळदीत बुडतो, चेहऱ्यांची वेगळी छटा उरत नाही. तिथे पोर्ट्रा ४०० किंवा प्रोइमेज बरा. शिवाय पिवळा हा उजळ रंग, फ्रेमभर पिवळा असला की मीटर एक्सपोजर कमी सांगतो. एक स्टॉप वाढवाच. विसर्जनाच्या गुलालाचं उलट आहे: वेल्व्हिया आणि एक्टारवर गुलालाचा एकसंध लाल ठिपका होतो, त्यातली पूड दिसत नाही. पोर्ट्रावर दिसते.

दिव्यांचा उजेड. नेहमीची फिल्म दिवसाच्या, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनच्या उजेडासाठी बनवलेली असते. जुन्या ट्यूबलाइटखाली ती हिरवट येते. त्यासाठी एफएलडी फिल्टर असतो, तो साधारण एक स्टॉप खातो. पिवळ्या बल्बसाठी निळा ८०ए फिल्टर, पण तो दोन स्टॉप खातो. आधीच अंधार, त्यात दोन स्टॉप कुठून आणणार? रात्रीच्या पिवळ्या दिव्यांसाठी ८००टी सारखी टंगस्टन फिल्म हाच सरळ मार्ग, ती ३२०० केल्विनला जुळलेली असते. तीच दिवसा वापरली तर सगळं निळं येतं. मग ८५बी हा नारिंगी फिल्टर लावून तिचा आयएसओ ५०० धरावा. पणत्यांचा पिवळेपणा मात्र काढूच नये, तो काढला की दिवाळी जाते.

किती उजेड द्यायचा

निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ढग उरतात. भरपूर उजेड मिळाला की हे ढग एकमेकांत मिसळतात आणि ग्रेन मऊ दिसतो. उजेड कमी पडला की ढग विरळ राहतात, सावलीत काहीच नोंद नसते, स्कॅनर ते ओढून उजळ करतो आणि हाती येतो हिरवट-तपकिरी, दाणेदार चिखल. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने साफ होत नाही. म्हणून निगेटिव्हसाठी मीटर सावलीवर लावा, आणि शंका असेल तिथे एक स्टॉप वाढवा. बरेच जण ४०० चा पोर्ट्रा कॅमेऱ्याचा आयएसओ डायल २०० वर ठेवून वापरतात, ते याच कारणाने.

स्लाइडचं सगळं उलट. अर्धा स्टॉप इकडे-तिकडे झाला तरी दिसतं, आणि उजळ भाग एकदा पांढरा पडला की फिल्मवर तिथे काही उरत नाही. मीटर उजळ भागावर. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळेत स्लाइडचा कॅमेरा बॅगेतच राहू द्या: उन्हातली पांढरी भिंत आणि ओसरीतली सावली दोन्ही तिला सांभाळत नाहीत.

विकत घेणं आणि सांभाळणं

उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद पडली, आज आपल्याकडचा रंगीत रोल सगळा बाहेरून येतो. वाटेत आणि गोदामात तो किती तापला हे खोक्यावरून कळत नाही. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातून घ्या की ऑनलाइन, मुदतीची तारीख बघाच, पण रोल कुठे ठेवला होता हेही विचारा. उन्हं येणाऱ्या शोकेसमधला ताजा रोल फ्रिजमधल्या मुदत संपलेल्या रोलपेक्षा वाईट असू शकतो.

खर्च फ्रेममागे काढा. रोल ८०० रुपयांचा आणि धुलाई-स्कॅन ६०० चं धरलं तर १४०० भागिले ३६, म्हणजे फ्रेमला साधारण ३९ रुपये. रोल १६०० चा घेतला तर ६१. रोल दुप्पट महाग झाला तरी फोटो दुप्पट महाग होत नाही, कारण धुलाई तीच राहते. एकदाच घडणाऱ्या प्रसंगाला चांगला रोल घ्यावा तो यासाठी. सरावाला मात्र स्वस्तातला, आणि एकाच जातीचे किमान तीन. दर वेळी नवा ब्रँड घातला तर चूक आपली की रोलची, हे कधीच कळत नाही.

घरी आणलेला रोल मूळ बंद प्लास्टिकच्या डबीत, वर झिपची पिशवी, फ्रिजमध्ये १३ अंशांखाली. वर्षभर लागणार नसेल तर फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर डबी उघडायची घाई नको: फ्रिजमधल्या रोलला दीड तास, फ्रीझरमधल्याला निदान तीन तास द्या. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत थंड डबी उघडली की फिल्मवर दव धरतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि धुतल्यावर डाग दिसतात. उघडलेला रोल सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. फोटो काढून संपलेला रोल दोन आठवड्यांत लॅबला द्या, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कोणत्याही ऋतूत ठेवू नका.

मुदत संपलेल्या निगेटिव्हला फ्रिजबाहेरच्या दर दहा वर्षांमागे एक स्टॉप वाढवायचा, असा ढोबळ हिशोब आहे. वीस वर्षांपूर्वी संपलेला २०० चा रोल ५० वर. तरी रंग डळमळणारच.

विमानप्रवासात रोल कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथलं स्कॅनिंग फिल्म जाळतं. हातातल्या बॅगेसाठी काही विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि तेही वाईट. रोल पारदर्शक पिशवीत काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही, म्हणून प्रवासाला ८०० पेक्षा २०० किंवा ४०० नेणं बरं.

एक रोल फक्त चाचणीला

नवीन जातीचा पहिला रोल चाचणीत घाला. छत्तीसपैकी वीस फ्रेम पुरतात, उरलेले सोळा मनासारखे काढा.

चार प्रसंग घ्या: सकाळी दहाच्या उन्हात माणूस, तोच माणूस ओसरीच्या सावलीत, आभाळ आणि झाडी असलेलं दृश्य, आणि संध्याकाळी घरातला दिवा. प्रत्येकाचे पाच फ्रेम: एक स्टॉप कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त, तीन जास्त. ४०० च्या रोलला आयएसओचा डायल क्रमाने ८००, ४००, २००, १००, ५० असा फिरवला की झालं. कागदाच्या चिठ्ठीवर तो आकडा मोठा लिहून फ्रेममध्येच धरा, वहीतल्या नोंदी हमखास चुकतात. स्लाइड असेल तर एक स्टॉप कमीपासून एक स्टॉप जास्तपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने. रोल संपल्यावर धुलाई नेहमीचीच सांगा. डायल फिरवणं वेगळं आणि पुश करणं वेगळं. पुश म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणं, ते लॅबला वेगळं सांगावं लागतं आणि अख्ख्या रोलला लागू होतं.

डबीवर चिकटपट्टी लावून लिहा: फिल्मचं नाव, नेहमीची धुलाई, सगळ्या फ्रेमना स्कॅनचं एकच सेटिंग, निगेटिव्ह परत हवी. तिसरी सूचना विसरलात तर स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने सारखी उजळ करतो आणि पाचही फोटो एकसारखे येतात.

निगेटिव्ह वाचताना

स्कॅन आले तरी निकाल निगेटिव्हवर बघायचा. मोबाइलच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि पट्टी स्क्रीनपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, म्हणजे स्क्रीनचे ठिपके मध्ये येत नाहीत. ५० मिमीची लेन्स उलटी धरून डोळ्याला लावली की उत्तम भिंग होतं.

पहिली नजर कडेवर. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. अक्षरं ठळक आहेत आणि फ्रेम फिकी आहे, म्हणजे उजेड कमी पडला, चूक कॅमेऱ्याकडे. अक्षरंही फिकी, फ्रेमही फिकी, तर धुलाई कमजोर झाली, लॅबशी बोला. दोन फ्रेमच्या मधली कोरी नारिंगी पट्टीच नेहमीपेक्षा गढूळ आणि गडद दिसत असेल तर रोल तापलेला, जुना किंवा विमानतळावर स्कॅन झालेला.

मग फ्रेमच्या आत, हनुवटीखालची सावली आणि केस. निगेटिव्हवर हे भाग सर्वांत पारदर्शक असतात. तिथे कोऱ्या नारिंगीपेक्षा थोडं तरी दाट काही दिसलं पाहिजे, केसांच्या बटा वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. हनुवटीखाली कोरी पट्टीच दिसली तर ती सावली गेली. पाच फ्रेम ओळीने बघत जा आणि जिथे बटा पहिल्यांदा स्पष्ट सुटल्या तिथे थांबा. चिठ्ठीवर जो आकडा असेल, समजा २००, तो या रोलचा तुमच्या कॅमेऱ्यातला खरा आयएसओ. पुढचा रोल भरताना डायल त्यावर लावा.